एकच मुलगी बारा वेळा

नाशिक, आषाढ

प्रिय मुली,

मुलांच्या पुस्तकासाठीची तुझी चित्रं पाहिली. रंग गोड आहेत, पण बारा चित्रांत बारा निराळ्या मुली दिसतात आणि गोष्ट तर एकीचीच आहे. या कामात कस लागतो तो इथेच. तेच पोर रडताना, पळताना, पाठमोरं काढायचं आणि वाचणाऱ्या मुलाने त्यावर बोट ठेवून ‘हीच ती’ म्हणायचं. ज्याला रोज नवं काहीतरी काढायची घाई असते, त्याला हे काम मानवत नाही.

रंगाला हात लावण्याआधी तिचा तक्ता कर: समोरून, बाजूने, मागून, शिवाय सहा-सात भाव. सहा वर्षांच्या मुलाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेपाच ते सहा पट भरते, मोठ्या माणसाची सात-साडेसात पट. तू मोठ्यांचाच सांगाडा आखूड केलास, म्हणून ती बुटकी बाई वाटते. डोळे खाली घे, कपाळ मोठं ठेव. फ्रॉकला खिसे किती, तेही लिही. पाचव्या पानापर्यंत हमखास विसरतं.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात वही घेऊन जा. भाजीच्या ढिगामागे उकिडवं बसलेलं पोर पाठ कशी वाकवतं ते बघ. ते मिनिटभरही स्थिर राहत नाही, त्यामुळे रेघ आपोआप मोकळी होते. फोटोवरून काढलेली मुलं गोठल्यासारखी दिसतात.

पुस्तक 32 पानांचं असलं, तरी सुरुवातीची पानं वजा जाता बारा-चौदा जोडपानंच (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) हाती उरतात. ती सगळी आधी आगपेटीएवढ्या चौकटींत एकाच कागदावर मांड. मग कागद दुमडून, टाचून डमी कर आणि पानं उलटून बघ. मजकुरात ‘पूर आला’ असेल तर चित्रातही नुसतं पाणी कशाला? गोदेच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं काढ. किती चढलंय, ते पोरांना न सांगता कळेल.

जोडपानाच्या मध्यावर चेहरा नको, नाक शिवणीत जातं. चारही कडांना 3 मिलिमीटर रंग जादा ने, नाहीतर कापताना पांढरी रेघ उरते. मजकुराला सढळ जागा सोड: देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये अंतर जास्त लागतं.

सध्याच्या दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाही. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घे, चारही बाजूंनी टेप लाव. पहिला थर ओलसर असताना दुसरा दिलास तर फुलकोबीसारखे डाग पडतात. फ्लोरोसंट गुलाबी टाळ, चार रंगांच्या छपाईत तो मळकट उतरतो.

आणि करार लेखीच हवा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांपुरतं धरलं जातं. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की सही करण्याआधी विचार. मूळ चित्रं तुझ्याकडे परत येतील, हेही त्यात घालून घे.

तक्ता झाला की घेऊन ये. रंग नको, नुसती पेन्सिल.