‘शीम बंद’ होती तेव्हा

बाय, तुझा प्रश्न असा: आजी नव्वदीची, माहेर गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्याकडचं. अजून काडेपेट्या आणि सुया फडताळात दडवते, दारात खाकी दिसली की बोलता बोलता गप्प होते आणि ‘शीम बंद होती तेव्हा’ असं म्हणत राहते. ही शीम, म्हणजे हद्द, कुठली आणि बंद म्हणजे काय? वरती बऱ्याच जणांनी 1961 ला गोवा पोर्तुगिजांकडून सोडवला त्या लष्करी कारवाईबद्दल लिहिलंय. ते बरोबरच आहे, पण ती कारवाई दोन दिवसांची. आजी सांगते ती गोष्ट त्याआधीच्या सहा-सात वर्षांची.

मी 1948 चा, नायबागचा. आमच्या घराखालून तेरेखोल नदी जाते आणि पलीकडे सातार्डा; तेव्हा तो भारत आणि आम्ही पोर्तुगिजांच्या गोव्यात. आज पुलावरून गाडी दोन मिनिटांत जाते. तेव्हा होडी होती. माझी सख्खी मावशी सातार्ड्याला दिलेली. आईला मीठ-मिरची कमी पडली तर ती बाजारात न जाता मावशीकडे जायची. नदी म्हणजे अंगण, शीम वगैरे ती कागदावर. पेडणं एकेकाळी सावंतवाडीचंच; 1788 साली पोर्तुगिजांकडे गेलं. पण सोयरिकी काही नदीनं तुटल्या नाहीत. दशावताराची मंडळीसुद्धा पेटारे डोक्यावर घेऊन याच वाटेनं यायची.

1954 पासून भारत सरकारनं ये-जा करायला परवाने लावले. मग आला 15 ऑगस्ट 1955. गोवा सोडवायला भारतातून सत्याग्रही अनेक बाजूंनी आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसच्या वर माणसं गेली. पत्रादेवीला कर्नैलसिंग बेनिपाल पडले. तिथलं स्मारक बघितलं असशीलच. आमच्यापासून पत्रादेवी दोन-तीन कोस. गोळ्या ऐकू आल्या नाहीत, पण संध्याकाळी वाड्यावर एकाही घरात दिवा मोठा केला नाही, एवढं मला आठवतं. मी सात वर्षांचा होतो. त्यानंतर भारतानं पणजीतली वकिलात बंद केली, कॅसल रॉकवरून मुरगावला येणारी रेल्वे थांबली, आणि शीम खरोखरच बंद झाली.

आता सुयांचं. घाटावरचा गूळ, कांदे, कापड, विड्या, सुईदोरा, सगळं बांद्याच्या वाटेनं यायचं. ते एकदम थांबलं. मुंबईला काका गिरणीत होता, त्याची मनीऑर्डर यायची थांबली. गोवा उपाशी मेला नाही, हे मात्र खरं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं सरकार बोटी भरभरून माल आणत होतं. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानातून तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट. त्याच काळात लोखंडाचं खनिज जपानला जोरात जाऊ लागलं आणि डिचोली-सत्तरीकडे खाणींवर मजुरी मिळू लागली. आमच्या वाड्यावरचे चार-पाच बाप्ये तिकडेच गेले. पणजी-मडगावचे म्हातारे आजही सांगतात, ‘ते दिवस बरे होते, दुकानात काय वाट्टेल ते मिळायचं.’ त्यांना मिळत असेल. भारतानं कोंडी घातली होती पोर्तुगिजांची. ती भोगली शिमेवरच्यांनी. मुरगाव बंदरात उतरलेला माल मोपा-तोर्सेपर्यंत पोचेतो भाव दुप्पट आणि जिन्नस अर्धा. आईची सुई मोडली तेव्हा तिनं शेजारणीकडून मागून आणली आणि ती एक सुई तीन घरांत फिरत होती. तुझी आजी लोभी नाही गो, ती त्या सुईच्या रांगेत उभी राहिलेली आहे. पुढे 1958 नंतर रुपयाच्या जागी एस्कुदो आले, एका रुपयाला सहा. आजी बाजारात बराच काळ मनातल्या मनात सहानं भागायची.

चोरटा व्यापार व्हायचा का? व्हायचा, कशाला लपवू. परदेशी घड्याळं आणि सोनं तिकडे जायचं; इकडे गूळ आणि विड्या यायच्या. मोठे पैसे ज्यांनी केले ते काठावरचे नव्हते. काठावरचा होडीवाला चार आण्यांसाठी मार खायचा.

तू काश्मीरच्या नियंत्रण रेषेशी तुलना केलीस, ती पूर्ण लागू पडत नाही. पूंछ-उरीच्या माणसांसारखे तोफगोळे आमच्या छपरावर पडले नाहीत. आमच्याकडे होता तो संशय, आणि तो दोन्ही बाजूंनी. इकडचे पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज शिपाई, म्हणायचे, तुमची माणसं सत्याग्रह्यांना वाट दाखवतात. चुकून पलीकडे सापडलं तर तिकडचा शिपाई विचारायचा, फिरंग्यांचे हेर काय?

एकच किस्सा सांगतो. 1956 साली मावशीला मुलगा झाला. कळवायचं कसं? पत्र फिरून यायचं, ते फोडून वाचलेलं. मग तिचा दीर काठावर आला आणि हात तोंडाशी धरून ओरडला, ‘झील झालो!’ आईनं अलीकडून दोन्ही हात वर केले. ती पहाऱ्यावरच्या शिपायाला खूण वाटली. दुसऱ्या दिवशी रेजिदोराचा, म्हणजे सरकारनं नेमलेल्या गावप्रमुखाचा, माणूस येऊन बाबांना क्वार्तेलात, म्हणजे शिपायांच्या ठाण्यात, घेऊन गेला. दिवसभर बाकावर बसवलं, मारलं नाही, जेवायला दिलं नाही, संध्याकाळी सोडलं. त्यानंतर बाबा खाकी दिसली की वाक्य अर्ध्यात सोडायचे, अगदी भारतीय पोलीस आले तरी, मरेपर्यंत. आजीचं गप्प होणं मला म्हणून ओळखीचं वाटलं.

रेडिओ गावात एकच, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या घरी. रात्री दारं लावून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ ऐकायचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसल रॉककडून ते केंद्र चालवायचे. आम्हा पोरांना बाहेर कुत्र्याजवळ बसवायचे. कुत्रा भुंकला की आम्ही खोकायचं. बातम्या काय होत्या ते मला कधीच कळलं नाही, खोकण्यात मात्र मी तरबेज झालो.

डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज मागे हटताना डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवत गेले. आम्हाला कळलं ते एवढंच, की सकाळी क्वार्तेलाचं दार सताड उघडं होतं आणि आत एक शेळी उभी होती.

आजीला लढाईबद्दल विचारू नकोस, ती काही सांगणार नाही. हॉलंडचे बटाटे शिजायला किती वेळ लागायचा ते विचार. माहेरची कोण माणसं पलीकडे होती, त्यांच्या लग्नांना आणि बाराव्यांना कोण जाऊ शकलं नाही ते विचार. नावं येतील तशी लिहून घे. फडताळातल्या काडेपेट्या मात्र तशाच असू देत.

आम्ही सातार्ड्याला गेलो ते पुढच्या शिमग्याला. आईनं होडीतच रडायला सुरुवात केली. मावशी गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती आणि काठावर, तिच्या जावेच्या पदराआड, तो झील. सहा वर्षांचा झाला होता. मी त्याला हॉलंडचा रिकामा डबा दिला, झाकणावर गाईचं चित्र असलेला. त्यानं तो घेतला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘तुमी फिरंगी?’