८०यू: पहिल्यांदा दावा करताय? आधी हे बघा

नमस्कार. ८०यू म्हणजे दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या प्राप्तिकरासाठी मिळणारी वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून कमी होणारी रक्कम. दृष्टिदोषाचं सर्टिफिकेट हातात आहे, पहिल्यांदा दावा कसा करू, असं विचारलंत; म्हणजे अवघड काम झालंय. आता त्यावरचा टक्क्यांचा आकडा बघा. ४० ते ७९ टक्के असेल तर ७५,००० रुपये वजावट, ८० किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ठरावीक रक्कम आहे, त्यामुळे औषधांची बिलं गोळा करत बसू नका.

बहुतेकांची गाडी अडते ती इथे: ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि प्राप्तिकराचं पोर्टल आपणहून नवी प्रणाली धरतं. पण आंधळेपणाने जुनी निवडू नका (शब्द मुद्दाम वापरलाय!). २०२५-२६ मध्ये नुसता पगार १२.७५ लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्यच येतो, मग ८०यू कशाला? दोन्ही हिशेब मांडा. जुनी निवडायची तर रिटर्न मुदतीतच भरा.

नेहमीच्या चुका:
- स्वतःसाठी ८०यू. वडिलांनी तुमच्याच नावावर ८०डीडी (दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्या नातेवाइकाची वजावट) घेतलं असेल तर दोन्ही चालत नाही.
- सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर मुदत संपते त्या आर्थिक वर्षानंतर नवं लागतं.
- नुसता दृष्टिदोष असेल तर फॉर्म १०-आयए (ठरावीक अपंगत्वांसाठीचा वैद्यकीय दाखला) लागत नाही. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक मात्र जवळ ठेवा.

नोकरी असेल तर एचआरला दोन गोष्टी विचारा. २०२५-२६ साठी दृष्टिहीन कर्मचाऱ्याचा प्रवासभत्ता महिना ३,२०० रुपयांपर्यंत करमुक्त आहे, तोही दोन्ही प्रणालींत. आणि महाराष्ट्रात ४० टक्क्यांपासून व्यवसाय कर माफ आहे. पगारपत्रकात २०० रुपये कापलेले दिसले तर सर्टिफिकेटची प्रत द्या.