शंका-समाधान : मेंढपाळाचं घर, कृषी पदवी आणि शिष्यवृत्ती

प्रश्न : आम्ही फलटण तालुक्यातले धनगर. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परततात. शेतजमीन नाही. मला बी.एस्सी. कृषीला भटक्या जमाती ‘क’ मधून प्रवेश मिळाला आहे. शिष्यवृत्तीसाठी काय करावं? आजोबा शाळेत गेले नाहीत, मग जातपडताळणीला पुरावा कुठून आणायचा?

उत्तर : अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर भरायचा असतो आणि तो एका बैठकीत भरून होतो. वेळ खातात ते कागद. वडील गावात आहेत तोवर, म्हणजे दिवाळीच्या आत, सह्या आणि दाखले उरकून घ्या.

सुरुवात जातपडताळणीपासून करा. भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेचा दाखला नसला म्हणून हातपाय गाळू नका. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मिळतं. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली असते. आजोबांची नोंद नसेल तर त्यांच्या भावंडांची किंवा पणजोबांची शोधा. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरात मूल वाटेवरच्या एखाद्या गावात जन्मलेलं असू शकतं, म्हणून मुक्कामाची जुनी गावं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या आणि तिथल्या नोंदीही पाहा. नोंद मोडीत असली तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर करून जोडा. चुलते किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाकडे जातवैधता प्रमाणपत्र असेल तर ते आधी मागा. पित्याकडच्या रक्ताच्या नात्यातलं असं प्रमाणपत्र फार वजनदार ठरतं. मात्र वंशावळीतलं प्रत्येक नाव कागदाशी जुळलं पाहिजे. एकीकडे ‘बिरा’ आणि दुसरीकडे ‘बिरदेव’ असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र द्या, नाहीतर प्रकरण त्रुटीत अडकतं.

तहसीलदारांकडून उत्पन्नाचे दोन दाखले काढा : शिष्यवृत्तीसाठी एका वर्षाचा, आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेअर (उन्नत गटात नसल्याच्या) प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचा. सातबारा नसल्याने तलाठी चौकशी करतील. मेंढरांची विक्री, लोकर, खतासाठी शेतात मेंढरं बसवल्याबद्दल मिळणारं धान्य किंवा रोख, सगळं सांगा. दोन दाखल्यांतले आकडे एकमेकांशी विसंगत निघाले की अर्ज परत येतो.

योजना निवडताना घाई नको. मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ताही असतो, पण तिची उत्पन्नमर्यादा कमी आहे. त्या मर्यादेत बसत नसाल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना पाहा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी धनगर विद्यार्थ्यांच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेची चौकशी जरूर करा.

आधारला स्वतःचा मोबाइल जोडा. वडिलांचा क्रमांक असेल आणि ते डोंगरात रेंजबाहेर असतील तर ओटीपी मिळणार कसा? बँक खातं नुसतं आधारशी ‘लिंक’ असून भागत नाही, ते आधार सीडिंग झालेलं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्याचं खातं म्हणून बँकेने आधारवर नोंदवलेलं लागतं. पैसे त्याच खात्यात जातात. अर्ज पाठवल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करा. महाविद्यालयाने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला असला तर मुदतीत पुन्हा पाठवावा लागतो.

प्रश्न : एका खासगी ट्रस्टच्या अर्जात ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ लिहायची आहे. मेंढपाळीबद्दल लिहू का? आणि महामेष योजनेतून मेंढ्या घेतल्या असतील तर शिष्यवृत्ती अडते का?

उत्तर : अडत नाही. ती पशुसंवर्धनाची योजना आहे, शिष्यवृत्ती नव्हे.

मेंढपाळीबद्दल अवश्य लिहा, मोकळेपणाने लिहा. फक्त ‘गरीब पण कष्टाळू कुटुंब’ एवढ्यावर थांबू नका. तसे अर्ज ढिगाने येतात. कळप केवढा, मेंढ्या दख्खनी की माडग्याळ, वाट कोणती, हे सांगा. पाऊस पडून कोवळं गवत उगवलं की आंत्रविषार या आतड्याच्या रोगाने धडधाकट मेंढी काही तासांत मरते, म्हणून लस पावसाआधी टोचावी लागते. हे तुम्ही घरी पाहिलं असेल तर तेच लिहा आणि पदवीत त्यातलं काय शिकायचं आहे, ते दोन ओळींत जोडा. पशुवैद्यकीय दवाखान्याची लसीकरणाची नोंद किंवा महामेषचं मंजुरीपत्र असल्यास प्रत लावा.