हात किती, ताटं किती

“मॅडम, माझी श्रद्धा उडत चाललीय का?”

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. श्रावण नुकताच लागला होता, २०२५ चा. वय ४८, पतसंस्थेत नोकरी, घर पुण्यात, मूळ परभणीकडचं. घरात-दारात सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच म्हणते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, आणि हे लिहायला त्यांची हरकत नाही.

तक्रार अशी, की महालक्ष्म्यांचं (गणपतीत घरी बसणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींचं) नाव निघालं तरी पोटात गोळा येतो. रात्री तीनला जाग येते आणि डोक्यात डाळीचा हिशेब सुरू होतो. नवऱ्याने साधं “यंदा फुलोऱ्याचं काय?” विचारलं तर त्यांनी हातातलं भांडं आपटलं. मग देवासमोर बसून रडल्या. “आमच्या महालक्ष्म्या फार कडक आहेत मॅडम. मनात असं येणंसुद्धा चांगलं नाही.”

श्रावण-भाद्रपदात माझ्याकडे असे चेहरे बरेच येतात. कुणाला झोप नसते, कुणाला धडधडतं, कुणी मुलांवर खेकसत असतं. ‘सगळे आनंदात आहेत, मलाच का नको वाटतंय’ हा प्रश्न मात्र बहुतेकींच्या मनात असतो. लाजेपोटी तो बाहेर पडत नाही, एवढंच.

त्या दिवशी मी एक चूक केली. चूक कसली, घाई. बाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मी म्हटलं, “स्वैपाक बाहेरून मागवता येईल की. जरा कमी करा.” वहिनींनी पर्सची चेन लावली, “बघते” म्हणाल्या आणि पुढच्या वेळेला आल्याच नाहीत.

पंधरा दिवसांनी आल्या त्या स्पष्ट सांगायलाच. “मला कमी करायचं नाहीये. मला महालक्ष्म्या आवडतात.” मग मी पहिल्यांदाच विचारायला हवं होतं ते विचारलं, की त्यातलं नेमकं काय आवडतं? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हाताने हवेत निऱ्या घातल्यासारखं करत म्हणाल्या, “साडी नेसवताना. कोठीवर मुखवटा बसवला की दार लावून घेते. ज्येष्ठेला हिरवी, कनिष्ठेला लाल. निऱ्या पडेपर्यंत कुणी हाक मारायची नाही.” किती वेळ लागतो त्याला? “पाऊण तास.” आणि बाकीचे तीन दिवस? त्या हसल्या, पण डोळे भरले होते.

बाकीचं त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून आणलं होतं. पुढच्या बाजूला दुधाचा हिशेब. मागे बारीक अक्षरात फुलोऱ्याच्या करंज्या, साटोऱ्या, सोळा भाज्या, आंबील, पडवळाची कढी, पुरण, सवाष्णी, सोळा पदरी दोरे, पितळेची भांडी, शेजारच्यांचं हळदीकुंकू, जावेच्या मुलाला चालणारं वेगळं जेवण. जेवायला पस्तीस माणसं. पूजन १ सप्टेंबरला, सोमवारी. म्हणजे महिन्याची पहिली तारीख आणि पतसंस्थेत रजा मागायची चोरी. शिवाय त्याच्या आधीच्या मंगळवारी निर्जळी हरितालिका, दुसऱ्या दिवशी गणपती, लगेच ऋषिपंचमी. एका आठवड्यात दोन उपवास आणि तीन मोठे स्वैपाक. पंचांग करणाऱ्याने नोकरदार बाईचा विचार केलेला नाही, असं मी म्हटलं तेव्हा कुठे त्या मोकळेपणाने हसल्या.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली अगदीच रूक्ष, त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात पाळी मागेपुढे होते, अंगावर जास्त जाते, रात्री घाम फुटून जाग येते. याला मनाचा आजार म्हणण्याआधी रक्त तपासावं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन ९.६. बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. जिना चढताना दम लागणं, धडधड, चिडचिड, बरंचसं तिथे सापडलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हेही कळलं, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. वहिनींचा दिवस चहावरच चालायचा. रक्तदाबाची गोळी त्या हरितालिकेला ‘पाण्याचा घोटसुद्धा नको’ म्हणून चुकवायच्या, ते डॉक्टरांनी सक्त बंद केलं. यंदा पाणी, फळं आणि गोळी घेऊन उपवास झाला.

दुसरं काम घरी करायचं होतं. सासूबाईंना एवढंच विचारायचं, की गावाकडे तुमच्या वेळी महालक्ष्म्यांच्या स्वैपाकाला घरात बायका किती असायच्या? आवाज चढवायचा नाही, टोमणा वाटेल असं बोलायचं नाही. संध्याकाळी त्या वाती वळत बसतात तेव्हा सहज विचारायचं.

सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. त्यांच्या सासूबाई, दोन चुलत सासवा, तीन जावा, माहेरी आलेली नणंद, शेजारची एक विधवा आत्या (ओवळ्या-सोवळ्यामुळे तिला पूजेत स्थान नव्हतं, पुरण वाटायला मात्र ती लागायची) आणि त्या स्वतः. नऊ. शिवाय पाणी शेंदायला आणि लाकडं फोडायला गडी. जेवणारी ताटं चाळीसेक.

आणि आता पस्तीस ताटं, स्वैपाकाला एक बाई. जाऊ यायची ती आवाहनाच्या दिवशी, दुपारच्या गाडीने.

हा हिशेब वहिनींनी मला सांगितला तेव्हा आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प होतो. कुळाचार जसाच्या तसा शहरात आला, तो चालवणारे हात तेवढे मागे राहिले. नऊ जणींचं काम एकीच्या अंगावर पडलं, ते तिला झेपेना, तर तिला वाटतंय आपल्या श्रद्धेतच खोट आहे. पोटात गोळा येण्याचं म्हणाल तर गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी विसर्जन होताच ताप भरला होता, ते शरीर विसरलेलं नाही. श्रावण दिसला की ते आधीच दचकतं.

सासूबाई यावर काय म्हणाल्या? मलाही उत्सुकता होती. मोजून झाल्यावर काही वेळ वात वळत राहिल्या, मग म्हणाल्या, “खरंय. तरी पण आंबील घरचीच पाहिजे हो.”

आंबील घरचीच झाली. पण सणाआधीच्या एका रविवारी संध्याकाळी नवरा, दीर (फोनवर, नांदेडहून), मुलगा असे सगळे बसले आणि नऊ जणींची कामं वाटली. इथे मी एका गोष्टीवर अडून बसले होते. घरातली माणसं कामाला ‘मदत’ करतात, लक्षात ठेवायचं मात्र बाईनेच. “काय आणू ते सांग” असं विचारणाऱ्या माणसाने फक्त पाय वापरले, डोकं तिचंच शिणलं. म्हणून अट घातली, की ज्याचं काम त्याचंच लक्ष. वहिनींनी आठवण करायची नाही. विसरला तर विसरला.

जाऊ दोन दिवस आधी आली, भाज्या आणि आंबील तिची. पुरण घरी शिजलं, नैवेद्याच्या पोळ्या घरच्या, बाकीच्या पोळ्या करणाऱ्या बाईंकडून. जेवायला बावीस माणसं. हळदीकुंकवाचं मुलाने बघितलं, बायकांनी त्याचं अंमळ जास्तच कौतुक केलं (मुलगी असती तर केलं असतं का, हा प्रश्न मी वहिनींना विचारला नाही). पत्री-फुलं नवऱ्याकडे. पूजनाच्या आदल्या रात्री नऊ वाजता वहिनींच्या लक्षात आलं की केवडा आलेला नाही. ओठ मिटून त्या बसून राहिल्या. “मॅडम, पुरण घाटणं सोपं त्यापेक्षा.” साडेनऊला नवऱ्याला स्वतःहून आठवलं. गणपतीतल्या गर्दीतून तो मंडईत गेला आणि साडेअकराला हात हलवत परत आला. महालक्ष्म्यांची पूजा केवड्याशिवाय झाली.

सगळं गोड झालं असं नाही. एका नणंदेने पोळ्यांवरून सुनावलं. दुसऱ्या दिवशी वहिनी एकदा बाथरूममध्ये जाऊन रडल्या, आणि पूजनाच्या रात्री झोपायला एक वाजलाच. पण ताप आला नाही, आणि साडीची पाऊण तासाची वेळ कुणी मोडली नाही. दारावर मुलाने चिठ्ठी लावली होती.

बायका मला विचारतात, सणात ‘स्वतःसाठी वेळ’ कसा काढायचा? मला हा शब्दच जरा खटकतो. यादी तशीच ठेवून तिच्या तळाशी ‘प्राणायाम, दहा मिनिटं’ लिहिलं की कामात आणखी एका कामाची भर पडते. आधी यादीवरचं काहीतरी दुसऱ्याच्या नावावर चढावं लागतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. वहिनींना नैराश्य नव्हतं, हे मी पहिल्या दोन भेटींतच तपासून घेतलं होतं. सण संपल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त मन उतरलेलंच असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, भूक-झोप बिघडली असेल, तर त्याला सणाचा शीण म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करून मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

दिवाळीच्या आधी वहिनी एकदा आल्या. हातात परत कॅलेंडरचं पान, मागे परत यादी. पण यंदा चकली-अनारशांच्या वर, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘हात : साडेतीन’.

अर्धा कुणाचा, मी विचारलं.

“सासूबाईंचा,” त्या म्हणाल्या. “बसल्या बसल्या करंज्या कातरून देते म्हणाल्यात.”