सोफ्यातली वही आणि तुमची वही

मागच्या वेळी या सदरात ॲरेथा फ्रँकलिन या अमेरिकी सोल गायिकेच्या, सोफ्यातल्या वहीत सापडलेल्या मृत्युपत्राबद्दल मी दोन ओळी लिहिल्या आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून पत्रं येताहेत, आणि निम्म्या पत्रांत एकच वाक्य आहे: 'तिची वही कोर्टात चालली, मग आमची का चालणार नाही?' त्याचं उत्तर देतेच. आधी बाकीची पत्रं.

प्रश्न : सोल म्हणजे नेमकं काय? ॲरेथाबाई गाणं कुठे शिकल्या? (चिपळूण)

चर्चमधल्या गाण्याचा आवेश प्रेमाच्या आणि संसाराच्या गाण्यांत उतरला की सोल. ॲरेथा जन्मली १९४२ मध्ये मेम्फिसला आणि वाढली डेट्रॉइटला. वडील सी. एल. फ्रँकलिन इतके नावाजलेले धर्मोपदेशक होते की त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या विकल्या जात. त्यांचं चर्च हीच तिची शाळा. पियानो तिनं ऐकून ऐकून बसवला.

प्रश्न : त्या विमानात बसत नसत हे खरं का? (सोलापूर)

खरं आहे. १९८० च्या दशकात एका विमानप्रवासात फार हादरे बसले, तेव्हापासून सोडलं ते सोडलंच. दौरे बसनं.

प्रश्न : 'रिस्पेक्ट' या एका गाण्यावर त्यांनी कोट्यवधी कमावले असतील ना? माझी मुलगी गाते. एक कंपनी म्हणते, एकदाच पैसे घ्या आणि कायमचे सगळे हक्क लिहून द्या. सही करावी का? (नाशिक)

सही करू नका. आधी करार वकिलाला दाखवा, मग पुढचं वाचा.

ते गाणं मुळात ओटिस रेडिंगचं. १९६५ मध्ये त्यानंच लिहिलं, त्यानंच गायलं. त्यात दमूनभागून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो. १९६७ च्या फेब्रुवारीत ॲरेथानं न्यूयॉर्कला ते ध्वनिमुद्रित केलं आणि मान मागणारी बाई झाली. 'रिस्पेक्ट' म्हणजे मान, या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठणकावणं ओटिसच्या गाण्यात नाहीच. ती भर ॲरेथाची आणि तिची बहीण कॅरोलिनची. आज जगाला गाण्यातलं तेवढंच आठवतं. पण कागदावर गाणं कुणाचं? ओटिसचं. तो त्याच वर्षी डिसेंबरात विमान अपघातात गेला, वय २६.

आता कळीची गोष्ट. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला दमडी नाही. म्हणजे पन्नास वर्षं रेडिओवर आवाज ॲरेथाचा आणि रॉयल्टी रेडिंगच्या घरी. १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना निदान डिजिटल प्रसारणाचे तरी पैसे मिळावेत म्हणून २०१४ मध्ये अमेरिकी संसदेत एक विधेयक आलं, त्याला नावही याच गाण्याचं दिलं. ती तरतूद अखेर कायद्यात आली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये. ॲरेथा ऑगस्टमध्ये गेली होती. साध्या रेडिओचं तर अजून तसंच आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गायकालाही रॉयल्टीचा हक्क दिला आहे. पण 'ताई, हे नुसतं फॉर्मॅलिटीचं आहे' असं म्हणत पुढे सरकवलेल्या बारा पानांत नेमकं काय लिहिलंय, ते मला इथे बसून दिसत नाही. 'कायमचे', 'जगभरात' आणि 'आजवर आलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत' हे शब्द एकत्र दिसले, की कागद खाली ठेवायचा. स्टुडिओ बुक झालाय, आजच सही हवी, ही जुनी युक्ती आहे. स्टुडिओ उद्याही तिथेच असतो.

प्रश्न : त्या रोख पैसे घेतल्याशिवाय गात नसत म्हणे. मीही ऑर्केस्ट्रात गातो, तसंच करावं म्हणतो. (कोल्हापूर)

ऐकीव नाही, खरं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमधला तिचा कार्यक्रम बघा. समोर राष्ट्राध्यक्ष ओबामा, अंगावर पायघोळ फरचा कोट, आणि हातातली पर्स, जिच्यात ती मानधनाची रोकड ठेवायची, ती सरळ पियानोवर ठेवते, मग वाजवायला बसते. कृष्णवर्णीय कलाकारांना आयोजकांनी किती बुडवलं, हे बघत मोठी झालेली बाई ती. मला त्या पर्सचं हसू येत नाही.

पण तिच्या पश्चात अमेरिकेच्या करखात्यानं लक्षावधी डॉलरांची थकबाकी काढली, हेही लक्षात ठेवा. रोख घ्या, पावती द्या, आणि कराचं तुमच्या सीएला विचारा, मला नको.

प्रश्न : आईच्या भजनाचं मंडळानं परस्पर शूटिंग करून यूट्यूबवर टाकलं. ॲरेथाबाईंनी म्हणे असाच एक अख्खा चित्रपट अडवला होता? (डोंबिवली)

अडवला होता. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये ती दोन रात्री गायली. त्याचा अल्बम लगेच निघाला आणि प्रचंड खपला. चित्रीकरण मात्र पडून राहिलं, कारण शूटिंगच्या सुरुवातीला आवाज जुळवण्यासाठी वाजवतात ती क्लॅपची पाटीच मारली नव्हती, चित्र आणि आवाज जुळेनात. पुढे तंत्रानं ते जुळलं, तेव्हा ही कोर्टात गेली: माझी परवानगी कुठाय? २०१५ मध्ये महोत्सवातला खेळसुद्धा थांबवला. चित्रपट पडद्यावर आला तो ती गेल्यावर, घरच्यांच्या संमतीनं.

आपल्या कायद्यातही गाणाऱ्याच्या संमतीशिवाय केलेलं चित्रीकरण असं वापरता येत नाही. अपवाद आहेत. आईंनी मंडळाच्या कुठल्या कागदावर सही केली होती का, ते आधी बघा. मग मंडळाला साधं पत्र. नोटीस नंतर, आणि तीही वकिलाला विचारून.

प्रश्न : वडील तबलावादक होते. घर आणि वाद्यं कुणाला द्यायची ते त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहून सही केली आहे. साक्षीदार नाहीत. ॲरेथाचं चाललं तर हेही चालेल ना? (पुणे)

नाही हो. बहुधा नाहीच चालणार.

तिचं काय झालं ते नीट ऐका. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली तेव्हा मृत्युपत्रच नाही असं घरच्यांनी कोर्टाला सांगितलं. मे २०१९ मध्ये घरात हस्तलिखितं सापडली. २०१० चं कुलूपबंद कपाटात, २०१४ चं सोफ्याच्या गादीखाली, स्पायरलच्या वहीत. खाडाखोड, समासात मजकूर, आणि सहीतल्या 'ए' अक्षरात काढलेला हसरा चेहरा. ही सही की चित्र, यावर वकील भांडले! मुलं आपसांत फाटली, एकाला २०१० चं हवं होतं, दोघांना २०१४ चं. जुलै २०२३ मध्ये ज्युरीनं तासाभराच्या आत २०१४ ची वही खरी ठरवली. त्या तासासाठी पाच वर्षं गेली.

आणि ती चालली ती मिशिगन राज्याचा कायदा हातानं लिहिलेलं, तारीख-सही असलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय मानतो म्हणून. आपला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३ मानत नाही. किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याला सही करताना त्यांनी पाहिलेलं हवं, किंवा ही सही माझी असं त्यानं त्यांना सांगितलेलं हवं, आणि मग त्याच्यासमोर त्यांनी सह्या केलेल्या हव्यात. मोहिमेवरच्या सैनिकांना सूट आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्याचे नियम वेगळे आहेत. तुमचे वडील यांत बसत नसतील, तर वही ही आठवण आहे, मृत्युपत्र नव्हे.

माझ्या टेबलावर अशा वह्या येतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, वर देवाचा फोटो. लिहिणारा दहा वर्षं म्हणत असतो, 'दिवाळीनंतर बघू.' शेजारचे दोघे बोलावून करायचं पंधरा मिनिटांचं काम. मोबाइलवर 'पाच मिनिटांत मृत्युपत्र' विकणारे छापील नमुना देतात, साक्षीदार देत नाहीत. ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका, पुढे शंकेला जागा राहते.

वही फाडू नका, तिच्यात काही लिहू नका. भावंडांना दाखवा. सगळ्यांना वडिलांची इच्छा मान्य असेल, तर वाटणी आपसांत तशी करता येते. त्याचे कागद कसे करायचे ते पुण्यातल्या दिवाणी वकिलाला याच आठवड्यात विचारा.

प्रश्न : मृत्युपत्र स्टॅम्प पेपरवरच लागतं ना? (जळगाव)

नाही. साधा कागद चालतो. साक्षीदार दोन.