उत्तर: डीपीत (विकास आराखड्यात) ओढा सरळ दाखवलाय, जुन्या नकाशावरून हरकत घेता येते का?

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच सोसायटी आठवली. डीपीच्या मसुद्यात ओढा पट्टी लावून आखल्यासारखा सरळ, आणि पावसाळ्यात पाणी जुन्याच वळणाने थेट पार्किंगमध्ये. हरकत घेता येते, ती कुठे द्यायची वगैरे माहीत असेलच, ते सोडतो.

आमचं घोडं अडलं नकाशावर. एका कार्यालयात (नाव नको, अजून कामं पडतात तिथे) मूळ गाव नकाशाची सर्टिफाइड कॉपी मागितली तर हातात आली नंतर कधीतरी ट्रेस केलेल्या नकाशाची झेरॉक्स, त्यात ओढ्याची रुंदी दाखवणारी दुहेरी रेघ गायब, एक बारीक रेघ तेवढी उरलेली. मूळ मागितला की "जीर्ण झालाय, काढता येत नाही", मग साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, आणि तोवर सुनावणी उरकली पण! हरकती ऐकणाऱ्या समितीने आमच्याच झेरॉक्सवर बोट ठेवून विचारलं, यात कुठे रुंद आहे ओढा? अजून आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून सांगतो, नुसत्या गाव नकाशावर विसंबू नका, सर्व्हे नंबरचं जुनं टिपण (मोजणीच्या वेळी मापं लिहून काढलेला कच्चा नकाशा) काढा. त्यावर मापं साखळी-आण्यात असतात, साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, ओढा हद्दीवर आला असेल तर नेमका कुठे ते आकड्यात मिळू शकतं. जुन्या सातबाऱ्यावर पोटखराबा 'ब' (लागवडीत न धरलेलं क्षेत्र) पण बघा, ओढे-रस्ते त्यात धरतात, रस्ता असेल तर तो वजा करून उरलेल्याला ओढ्याच्या लांबीने भागा, रुंदीचा अंदाज येतो. समितीपुढे इतिहास सांगायला लागलात तर जांभया देतात, गुंठे सांगितले की मान वर करतात.

"ओढे काय, पेशव्यांनीपण वळवले" असं कोणीतरी म्हणणारच. नानासाहेबांच्या काळात पुण्यातला आंबिल ओढा वळवला हे खरंय, पण त्याच काळात कात्रजला तलाव झाले, पर्वतीखाली तळं झालं (आता सारसबाग आहे तिथे), म्हणजे पाण्याला जागा ठेवली होती. आपण जागा खाल्ली, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याच ओढ्याने भिंती पाडून माणसं नेली.

मी वकील नाही, प्लॅनर तर नाहीच, तेव्हा एखाद्या रिटायर्ड भूकरमापकाला (जमीन मोजणाऱ्या सरकारी माणसाला) कागद दाखवून घ्या. आणि पोच घेताना जोडलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मागा, नाहीतर नंतर म्हणतात सोबत काही नव्हतंच.