वाचकांचे प्रश्न : व्हॉल्वचा अँप कोकणात चालेल का?

प्रश्न : आमचं घर देवगडजवळ, समुद्र अगदी जवळ. मुंबईला एकांकडे व्हॉल्व अँप्लिफायरवर (काचेच्या नळ्यांवर चालतो तो) अभिषेकीबुवा ऐकले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये, बुवा समोर बसून गातायत असं वाटलं. भाऊ म्हणतो हे सगळं मनाचं आहे, वर इथली खारी हवा आणि लाईटचा खेळ. माझे स्पीकर छोटे बुकशेल्फ आहेत, ८४ डीबीवाले. घेऊ का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : भावाला सांगा मनाचं नाही, मोजता येतं ते. कुठलाही अँप मूळ आवाजात थोडी स्वतःची भर घालतोच, काय घालतो ते महत्त्वाचं. साध्या सिंगल एंडेड ट्रायोड सर्किटमध्ये, म्हणजे तीन इलेक्ट्रोडचा एकच व्हॉल्व पूर्ण लाट सांभाळतो तिथे, ही भर मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते, म्हणजे दुप्पट कंपनं, म्हणजे बुवांनी षड्ज लावला की त्यावर अगदी हलका तार षड्ज. तिसरा हार्मोनिक म्हणजे तार सप्तकातला पंचम. तंबोऱ्याच्या तारेतही हेच सूर आतून बोलत असतात, त्यामुळे कानाला ते परके वाटतच नाहीत, गळा भरीव वाटतो. सातवा, नववा असे वरचे हार्मोनिक मात्र टोचतात. आणि ताकद संपत आली की ट्रान्झिस्टर अँप लाटेचं डोकं एकदम सपाट कापतो, व्हॉल्व ते हळूहळू गोल करत नेतो, म्हणून तान अचानक वर गेली तरी आवाज फाटल्यासारखा होत नाही.

मोजमापात चांगला ट्रान्झिस्टर अँप पुढेच असतो हे खरं. व्हॉल्वची स्पीकरवरची पकड सैल असते, डग्ग्याचा घुमारा जरा पसरतो. तरी गाण्यासाठी, त्यातही नाट्यसंगीत आणि ख्यालासाठी, मी व्हॉल्वच निवडेन.

तुमची खरी अडचण स्पीकरची आहे. डीबीचा आकडा म्हणजे स्पीकर १ वॅटमध्ये किती मोठा वाजतो ते. ३००बी व्हॉल्वचा सिंगल एंडेड अँप जेमतेम ८ वॅट देतो, आणि दर ३ डीबीला ताकद दुप्पट लागते. ९४ डीबीचा स्पीकर १ वॅटमध्ये जितका वाजेल तितकं वाजायला तुमच्या स्पीकरला १० वॅट हवेत! तेव्हा आधी स्पीकर बदला, नाहीतर ईएल३४ व्हॉल्वच्या जोड्यांचा पुशपुल अँप (जोडीतले दोन व्हॉल्व काम वाटून घेतात तो) बघा, तो ३० वॅटच्या आसपास देतो. आणि स्पीकर न जोडता अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता हवा आणि लाईट. बाहेरून आणलेला अँप २२० व्होल्टचा असला आणि आपल्याकडे लाईट २५० वर गेली की व्हॉल्वच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ ऐवजी ७ च्या वर व्होल्ट मिळतात आणि आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून २३० चा ट्रान्सफॉर्मर असलेलाच घ्या, सोबत चांगला स्टॅबिलायझर. खाऱ्या हवेनं व्हॉल्वच्या पिना आणि सॉकेट काळवंडतात मग कुरकुर सुरू होते, तेव्हा पडवीत किंवा समुद्राकडच्या खिडकीत नको, माजघरात ठेवा. पावसाळ्यात रोज तासभर वाजवाच, दोन ईएल३४ चे नुसते हीटरच १९ वॅटची ऊब देतात, आतली दमट हवा सुकते. वळवाचा गडगडाट सुरू झाला की मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायचा. झाकण उघडायचं काम जाणत्या माणसाचं, आत ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात.

प्रश्न : आजोबांचा व्हॉल्वचा रेडिओ माळ्यावर आहे. त्यातले व्हॉल्व काढून नव्या अँपला लावता येतील का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : काचेवरचा नंबर वाचा. ईएल८४ असेल आणि अँपही ईएल८४ चाच असेल तर व्हॉल्व टेस्टरवर तपासून लावता येतो, आपल्या बंगळूरच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) जुने व्हॉल्वही अजून सापडतात. पण नऊ पिना दिसल्या म्हणून कुठलाही कुठेही खोचू नका, ईसीसी८३ लाही नऊच असतात पण जोडणी वेगळी. आणि खरं सांगू, रेडिओ मोडू नकाच, तो दुरुस्त करून घ्या. इतक्या वर्षांनी थेट प्लगला लावायचा मात्र नाही, जुने कपॅसिटर आधी बदलून घ्या.